जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मिसिंग करतेय? मिक्श्चर स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा

जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची मोटर, अडखळायला लागली की आजूबाजूचा एक तरी जाणकार स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरवरच्या, पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूकडे धावतो. त्याला अडवा. काल नीट चालणाऱ्या इंजिनाचा स्क्रू रात्रीत आपोआप फिरत नाही. दुखणं भलतीकडेच असतं, आणि स्क्रू पिळून बसलात की एकाची दोन होतात.

इंजिन पाण्याशिवाय चालवू नये, हे नव्याने सांगायला नको. थंड करणारं पाणी खेचणाऱ्या इम्पेलरचं रबर काही सेकंदांत जळतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ताजं भरा. ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल तेच ठेवा: बऱ्याच मोटरींना ५०:१, फार जुन्यांना २४:१ किंवा २५:१. ऑइल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या) दर्जाचं हवं, मोटरसायकलचं नको. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. हसू नका, यामुळे बंद पडलेल्या मोटरी दुरुस्तीला येतात.

मग कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून दोरी ओढा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या आत असावा. एक सिलिंडर फारच खाली असेल तर थांबा. रिंगा किंवा पिस्टन गेलेल्या इंजिनाचा कार्ब्युरेटर कितीही धुतलात तरी ते सुधारणार नाही.

स्पार्क टेस्टर लावून बघा, नवे प्लग टाका.

आता नेमका कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, अर्थ करा आणि पुन्हा सुरू करा. वायर लोंबकळत ठेवू नका, इग्निशनचं युनिट उडू शकतं. ज्याची वायर काढूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. त्याचा प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. स्पार्क चांगला असूनही ओलाचिंब असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा आधी तपासा. तो फाटला की पेट्रोल पल्सच्या (पंप हलवणाऱ्या क्रँककेसच्या दाबाच्या) वाटेने थेट क्रँककेसमध्ये शिरतं, आणि माणसं मात्र कॉइल बदलत बसतात.

इंजिन लोडवर दम टाकत असेल तर त्याच क्षणी पाइपवरचा रबरी बल्ब दाबा. दाबल्यावर सुधारलं तर पंप कमजोर आहे किंवा पाइप कुठेतरी हवा ओढतोय. कनेक्टरची ओ-रिंग हे ठरलेलं ठिकाण. पेट्रोल गळत नाही म्हणजे हवा शिरत नाही असं नव्हे. बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीकडे आहे. दाबल्यावर उलट जास्तच गुदमरलं तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई पेट्रोल अडवत नाही.

यातलं काहीच नाही, वरच्या रेसला मोटर सुसाट आणि आयडलिंगला (रेस न देता) मात्र धडधड, मध्येच कार्ब्युरेटरच्या तोंडातून शिंक? मग आयडलचा मार्ग चोंदलाय. मला सर्वांत जास्त छळलं ते या टप्प्याने, कारण इथे ‘साफ केला’ आणि ‘साफ झाला’ यात फार अंतर असतं.

बाहेरून स्प्रे मारणं म्हणजे सफाई नव्हे. कार्ब्युरेटर उतरवा. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. आत नेताना बोटांनीच, अलगद. जोर लावलात तर स्क्रूच्या सुईसारख्या टोकावर खाच पडते आणि ती मोटर पुन्हा कधीच धड आयडल होत नाही. दोन कार्ब्युरेटर असतील तर त्यांचे भाग एकमेकांत मिसळू नका. फ्लोट, ओ-रिंगा, सगळं रबर बाहेर काढा, मगच क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा. वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी थर पाच मिनिटांत सुटत नाही.

जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी नळीत, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर नवा जेट आणावा लागतो. स्प्रे आणि दाबाची हवा, बस्स. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण स्प्रे कुठल्या भोकातून परत उडेल याचा नेम नसतो.

खरी परीक्षा पुढे आहे. थ्रॉटलच्या पाकळीजवळ, घशाच्या भिंतीत एका ओळीत बारीक भोकं असतात. आयडल जेटच्या जागेतून स्प्रे मारला की त्यातल्या प्रत्येकातून धार आली पाहिजे. तीनपैकी दोनांतून आली तर कार्ब्युरेटर घाणच आहे, पुन्हा भिजवा. बऱ्याच मॉडेलांत या भोकांवर छोटं गोल झाकण ठोकलेलं असतं. तरीही धार येत नसेल तर ते काढून नवं बसवावं लागतं. हे सोडून बाकी सगळं चकाचक केलेले कार्ब्युरेटर मी पुष्कळ पाहिलेत.

जोडताना गॅस्केट नवीच घाला. थ्रॉटल फिरवणाऱ्या दांड्या (लिंकेज) सैल करू नका.

आता स्क्रू. लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा, होडी घट्ट बांधा, इंजिन चांगलं तापू द्या आणि पाण्यातच, गिअरमध्ये टाकून जुळवा. पाइपचं पाणी लावून जुळवलेलं आयडल खऱ्या पाण्यात टिकत नाही. एका वेळी पाव फेरा, मग थोडं थांबा. शिंका थांबल्या आणि रेस चटकन उचलली की तिथून किंचित रिचच (पेट्रोल जास्त) ठेवा. ऑइल पेट्रोलमधूनच जातं, त्यामुळे लीन (पेट्रोल कमी) मिश्रणात पिस्टनला ऑइलही कमीच मिळतं आणि तो जाम होतो.

एवढ्यावरही आयडलिंगला लीन राहिलं तर रीड व्हॉल्व्ह (क्रँककेसमध्ये मिश्रण एकाच दिशेने सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) किंवा क्रँकचं सील बघा. रीड घरी उघडून बघता येतात. सीलसाठी मात्र क्रँककेसला प्रेशर टेस्ट लावणारा मेकॅनिक गाठा.