मित्रमंडळींसोबत रोममध्ये एक दिवस: या चुका टाळा

रोमसाठी एकच दिवस हातात असला की ग्रुपवर यादी पडते: कलोसियम, व्हॅटिकन, पँथिऑन, ट्रेव्ही कारंजं, स्पॅनिश स्टेप्स. यातली पहिली दोन नावं एकाच दिवसात कोंबली की दिवसाचा बोजवारा उडालाच म्हणून समजा.

हिशोब करून बघा. कलोसियम, रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी मिळून साडेतीन-चार तास जातात. व्हॅटिकन म्युझियममधून सिस्टीन चॅपेलपर्यंत पोचायला आरामात तीन तास लागतात. सेंट पीटर्स बॅसिलिका त्यापुढे, आणि तिथली सुरक्षा तपासणीची रांग वेगळी. म्युझियमचं दार सेंट पीटर्सच्या चौकात नाही, तटाला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर येतं, हेही बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावरच कळतं. कलोसियमहून व्हॅटिकनला जायचं तर मेट्रोची बी लाइन पकडायची, तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनला उतरून ए लाइनने व्हॅटिकनजवळचं ओत्ताव्हियानो स्टेशन गाठायचं. सहा-आठ जणांच्या घोळक्यात एकाला पाणी हवं, दुसऱ्याला टॉयलेट, तिसरा फोटोत अडकलेला. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला पाव तास जास्तीचा धराच.

म्हणून दोनपैकी एकच निवडा. सकाळी कलोसियम घेतलंत तर दुपारनंतर पँथिऑन, पियाझ्झा (म्हणजे चौक) नाव्होना, ट्रेव्ही आणि स्पॅनिश स्टेप्स हे सगळं पायी होतं. व्हॅटिकन घेतलंत तर तिथून कास्तेल सांत आंजेलो या किल्ल्यासमोरचा पूल ओलांडून नाव्होनाकडे या.

तिकिटावरचं नाव

कलोसियमची तिकिटं नावानिशी मिळतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. बुकिंग करणारा मित्र घाईत 'बंड्या', 'पिंकी' अशी घरची नावं टाकतो किंवा फक्त नाव-आडनाव लिहितो. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, त्यामुळे प्रत्येकाकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावरून जसंच्या तसं उतरवा. त्या दिवशी पासपोर्टही सगळ्यांच्या जवळ हवेत, हॉटेलच्या तिजोरीत नकोत.

अधिकृत साइटवर तिकिटं 30 दिवस आधी खुली होतात. साध्या तिकिटाचा दर 18 युरो. त्यात फोरम-पॅलेटाइन येतं आणि तिकीट 24 तास चालतं. ठरलेली वेळ पाळायची ती फक्त कलोसियमसाठी. फोरम-पॅलेटाइनला त्या 24 तासांत कधीही जा, पण एकदाच. जेवायला म्हणून बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत. कलोसियमच्या तळघराची तिकिटं सगळ्यात आधी संपतात. मोठ्या बॅगा आणि काचेच्या बाटल्या आत चालत नाहीत.

सगळी तिकिटं एकाच्याच फोनमध्ये ठेवणं ही घोळक्यांची आवडती चूक. तो मागे राहिला किंवा त्याची बॅटरी गेली की सगळे दारात ताटकळतात. आदल्या रात्रीच ज्याचं तिकीट त्याला पाठवून द्या.

तिकीट मिळालंच नाही तर रस्त्यावर 'रांग नको, लगेच आत' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. कलोसियो मेट्रो स्टेशनच्या वरच्या बाजूला व्हिया निकोला साल्व्ही नावाचा रस्ता आहे. तिथल्या कठड्यावरून पूर्ण कलोसियम समोर दिसतं, तेही फुकट.

वार न बघता निघणं

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद: त्या दिवशी प्रवेश मोफत, पण दुपारी साडेबारानंतर आत घेत नाहीत. बुधवारी सकाळी पोप चौकात लोकांना भेटतात, त्यामुळे बॅसिलिका दुपारपर्यंत पर्यटकांना सहसा मिळत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी कलोसियम फुकट असतं, पण वाचलेले 18 युरो रांगेत फिटतात; हातात एकच दिवस असेल तर तो टाळलेलाच बरा.

लहान चर्च दुपारी साधारण बारा ते तीन-चारपर्यंत बंद असतात. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत. पँथिऑनपासून ते दोन-तीन मिनिटांवर, तरी ऐन दुपारी गेलात तर बंद दार बघून परतावं लागेल. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सेंट पीटर्सला हे कडक पाळतात, तेव्हा बिनबाह्यांच्या कपड्यांवर घ्यायला पिशवीत एक ओढणी असू द्या. तिथल्या घुमटाला 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी 320 उरतातच. गुडघे दुखणारं कोणी असेल तर हे आधी सांगा, मधून परत फिरायची सोय नाही.

मेट्रो आणि बस

बँकेच्या एकाच कार्डाने सगळ्यांना आत सोडता येत नाही. दर माणशी वेगळं कार्ड किंवा फोन टेकवावा लागतो. कागदी तिकीट दीड युरोचं. ते 100 मिनिटं चालतं, पण त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. स्टेशनबाहेर न पडता लाइन बदलली तर हरकत नाही. बसमध्ये चढल्यावर ते तिकीट यंत्रात घालून छापून घ्यायचं. खिशात नुसतं कोरं तिकीट असलं तरी दंड होतो, तोही पन्नास युरोंच्या वर. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. सॅक पोटाशी घ्या.

पाणी आणि पोट

दर थोड्या अंतरावर पाण्याच्या बाटल्या विकत घेणं हा शुद्ध अपव्यय. रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत, त्यांना नासोने म्हणतात, म्हणजे 'मोठं नाक'. पाणी थंड आणि पिण्याजोगं असतं. वाकून ओंजळ धरायची गरज नाही: नळीचं तोंड बोटाने दाबा, वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, तिथे तोंड लावा. पहिल्यांदा जरा हळूच दाबा, नाहीतर मागच्याची आंघोळ होते.

शाकाहारी मंडळींनी 'पास्ता आहे ना, चालेल' असं गृहीत धरू नये. कार्बोनारा आणि आमात्रिचाना दोन्हींत डुकराच्या गालाचं मांस असतं. सुप्ली या भाताच्या तळलेल्या गोळ्यांत पुष्कळदा खिमा असतो, आणि भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत अँचोव्ही मासा. काचो ए पेपे या पास्त्यात फक्त पेकोरिनो चीज आणि मिरपूड, पण त्या चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध फाडायला वापरतात तो जनावराच्या जठरातला पदार्थ) असतं. जे तेही टाळतात त्यांनी बिनचीजचा मारिनारा पिझ्झा घ्यावा. मागवताना 'सेंझा कार्ने, सेंझा पेशे' म्हणा: मांस नको, मासा नको. घोळक्यासाठी सोयीचा पडतो तो 'पिझ्झा आल ताल्यो'. केवढा तुकडा हवा ते हाताने दाखवायचं, कापून वजनावर देतात.

कॉफी काउंटरला उभ्याने घ्या. टेबलावर बसलात की दर वाढतो, आणि प्रसिद्ध चौकात तर तो दुपटीच्याही वर जातो.

चुकामूक

'ट्रेव्हीपाशी भेटू' असं कधीच ठरवू नका, त्या गर्दीत समोर उभा असलेलाही दिसत नाही. पाचेक मिनिटांवर पियाझ्झा कोलोनामध्ये मार्कस ऑरेलियसचा उंच स्तंभ आहे, तो ठरवा. दमून स्पॅनिश स्टेप्सवर बसकण मारू नका. 2019पासून तिथे बसायला बंदी आहे आणि पोलीस शिट्टी मारून उठवतात. ट्रेव्ही रात्री दहानंतर जरा मोकळं होतं, पण मेट्रो साडेअकराला बंद होते, शुक्रवार-शनिवारी दीडला. त्यानंतर 'एन' अक्षराच्या रात्रीच्या बस शोधाव्या लागतात.