शोस्ताकोविचची शेवटची क्वार्टेट्स सांगलीत ठेवायची असतील तर

सोव्हिएत संगीतकार दिमित्री शोस्ताकोविचच्या 15 स्ट्रिंग क्वार्टेट्सपैकी (दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो अशा चौघांसाठीच्या रचना) शेवटची पाच 1966 ते 1974 या काळातली. पाचही एका संध्याकाळी घेऊ नका, वादक आणि श्रोते दोघंही थकतात. 11वं (साधारण 17 मिनिटं), 13वं (20), मध्यंतर आणि मग 15वं (36) हा क्रम जमतो.

तिन्ही रचना सलग वाजतात. 11व्यात सात भाग आहेत, 15व्यात सहा, पण मध्ये थांबणं कुठेच नाही. म्हणजे टाळ्या तीनदाच. आपल्याकडे चांगली जागा आली की दाद उत्स्फूर्त जाते, म्हणून हे सूत्रसंचालकाने आधीच सांगावं. दीपप्रज्वलन आणि सत्कार सुरुवातीला दहा मिनिटांत उरका. मध्यंतरानंतर शाल-श्रीफळ नको. 15वं सुरू झालं की दार बंद, उशिरा आलेल्याला 36 मिनिटं बाहेर चहा.

जागा निवडताना विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारखं मोठं नाट्यगृह मोहात पाडतं. पण नाटकाच्या रंगमंचावर वरची पोकळी आणि जाड पडदे आवाज गिळतात. 100 ते 150 खुर्च्यांचं, कडक भिंतींचं सभागृह बरं. नाट्यगृहच घ्यावं लागलं तर चौघांना मुख्य पडद्याच्या पुढे बसवा. माइक अजिबात नको. साउंडवाला आग्रह करेल, त्याला निवेदनापुरताच ठेवा.

वादकांना दहा बाय दहा फूट जागा आणि हात नसलेल्या चार खुर्च्या लागतात. चेलोचा खालचा टोकदार दांडा गुळगुळीत फरशीवर सरकतो. खुर्चीच्या पुढच्या पायांना पट्टा बांधून त्यात टोक अडकवा. नुसती सतरंजी टाकली तर चेलो सतरंजीसकट पुढे जातो.

पंखे हा मोठा शत्रू. कागद उडतात आणि 15व्यातले अगदी हलके स्वर घरघरीत बुडतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीतली संध्याकाळ धरा, तेव्हा पंख्यावाचून चालतं. वीज गेली तर जनरेटरपेक्षा इन्व्हर्टर बरा. विजेच्या यंत्रांची गुणगुण बहुधा 100 हर्ट्झच्या आसपास असते आणि चेलोची मोकळी ‘जी’ (G) स्वराची तार 98 हर्ट्झची. दोन्ही एकत्र आले की आवाज लहरत राहतो आणि वादकाला आपलीच तार उतरलीय असं वाटतं.

थंडीच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, खुंट्या सुटतात. 15व्यात मध्येच तार लावायला उसंत नाही, म्हणून वाद्यं तासभर आधी सभागृहात आणून पेटीतच ठेवा, मग उघडा. व्हायोलिनच्या आतली, पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभी असलेली काडी पडली तर लगेच सगळ्या तारा सैल करा. ताण तसाच राहिला तर घोडीखाली पोट दबतं. मिरजेत सतार-तंबोऱ्याची जवारी काढणारे नावाजलेले कारागीर आहेत, पण ही काडी बसवणं वेगळं काम आहे. ते येणारा माणूस पुण्या-मुंबईतून आधीच ठरवून ठेवा.

13व्यात गजाच्या काठीने वाद्याच्या अंगावर टकटक करायची असते. महागड्या वाद्याचा मालक इथे बिचकतो आणि टकटक इतकी हळू होते की मागच्या रांगेला पोचत नाही. त्यासाठी जुना, हलका गज शेजारी ठेवावा आणि तालमीत मागच्या रांगेत एक माणूस बसवावा.

15वं पूर्ण ई फ्लॅट मायनर या पाश्चात्त्य स्वरपट्टीत आहे, सहाही भाग संथ. या पट्टीत व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जवळजवळ येतच नाहीत, म्हणून आवाज झाकल्यासारखा, कोंदट लागतो. श्रोत्यांना हे दोन वाक्यांत सांगितलं तर वाद्यं बिघडल्याची शंका येत नाही. दुसऱ्या भागात एकच स्वर पुसटपासून किंचाळीपर्यंत चढतो, मग दुसरा वादक तसाच पुढचा स्वर चढवतो. विलंबिताला सरावलेल्या मिरजकर कानांना पहिला भाग जड जाणार नाही. माश्या हवेतच मरून पडाव्यात असा तो वाजवा, असं शोस्ताकोविचनेच वादकांना सांगितल्याचं म्हणतात. आपल्याकडे माश्यांऐवजी डास असतात, पण ते मारायची बॅट दाराबाहेर ठेवा, तिचा तडतडाट शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

छापील पार्ट (प्रत्येक वादकाची स्वरलिपी) विकत घ्या, झेरॉक्स नको. शोस्ताकोविच 1975मध्ये गेला, त्यामुळे भारतात हक्क 2035 अखेरपर्यंत आहेत. जाहीर सादरीकरणाचा परवानाही महिनाभर आधी मागा.

15व्याच्या शेवटी आवाज विरत जातो. लाइटवाल्याला सांगून ठेवा: चौघांचे गज मांडीवर आल्याशिवाय दिवे लावायचे नाहीत.