फ्रेंच रणगाड्यांवर लिहिताना या चुका टाळा

१९४० मध्ये जर्मनीकडून झालेल्या फ्रान्सच्या पराभवावर नव्याने लिहिणारे बहुतेक जण तक्त्यापासून सुरुवात करतात. चिलखताची जाडी, तोफांचा आकार, रणगाड्यांची संख्या मांडायची आणि मग विचारायचे, ‘तरी हरले कसे?’ शार बी-१ बिस या अवजड फ्रेंच रणगाड्याचे ६० मिलिमीटर चिलखत तक्त्यात दिसते. पण त्याच्या टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, कमांडर एकटाच असे, ४७ मिलिमीटरची तोफ तोच भरून डागे आणि लढाईवर नजरही त्यालाच ठेवावी लागे, हे तक्ता सांगत नाही.

त्याहून मला जास्त खटकते ते ‘फ्रेंचांनी रणगाडे पायदळात वाटून टाकले’ हे एका दमात ठोकलेले वाक्य. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखात बेल्जियममधली हानूची रणगाड्यांची लढाई चक्क चार्ल्स दे गोलच्या डिव्हिजनच्या नावावर होती. ती लढली जनरल प्रियूच्या घोडदळ कोअरने, १२ ते १४ मे दरम्यान, दोन डीएलएम घेऊन. डीएलएम ही घोडदळाची यांत्रिक डिव्हिजन. पहिली १९३५ मध्येच उभी राहिली होती. पायदळाच्या डीसीआरपैकी, म्हणजे चिलखती डिव्हिजनपैकी, पहिल्या दोन जानेवारी १९४० मध्ये आल्या, तिसरी मार्चमध्ये आणि दे गोलची चौथी ऐन लढाईत. आर-३५ या हलक्या रणगाड्यांच्या बटालियन मात्र खरोखरच पायदळाच्या मदतीला वाटलेल्या होत्या. म्हणून रणगाड्याचे नाव आले की मी समासात आधी त्याचे दल आणि डिव्हिजन लिहितो. वेळ जातो, पण घाई असलेल्याने या विषयाला हात लावू नये.

आणि डिव्हिजन कागदावर होती म्हणजे ती एकत्र लढली, असेही धरू नका. १४ मेला फ्रान्समधल्या सेदां शहराच्या दक्षिणेला तिसरी डीसीआर प्रतिहल्ल्यासाठी आली. तयारीला उशीर झाला, तेव्हा कोअरचा सेनापती जनरल फ्लाव्हिन्यीने हल्ला रद्द केला आणि तिचे रणगाडे सुमारे २० किलोमीटरच्या आघाडीवर वाटा अडवायला पांगवले. दुसऱ्या दिवशी हल्ल्याची वेळ आली, तर ते गोळाच होईनात. आधी सलग फळी धरायची, मग पायरीपायरीने लढायचे, हीच शिकवण अंगात मुरलेली होती.

सेदांजवळच्या स्तॉन गावात कॅप्टन बिलॉतच्या एकट्या बी-१ बिसने १६ मेला १३ जर्मन रणगाडे फोडले, यावरून सिद्धांत मांडू नका. गाव शेवटी जर्मनांकडेच गेले.

१७ मेला दे गोलच्या चौथ्या डीसीआरने माँकॉर्नेवर केलेल्या हल्ल्याला विजय म्हणू नका.

आणि इंधन विसरू नका. १५ मेला बेल्जियममधल्या फ्लाव्हियाँजवळ पहिल्या डीसीआरचे बी-१ बिस इंधन भरत असतानाच जर्मन सेनानी रोमेलच्या डिव्हिजनने त्यांना गाठले.