रुग्णवाहिकेतला ईसीजी: आधी लीड, मग एसटी

छातीत दुखणारा पेशंट हाती आला की १० मिनिटांच्या आत बारा लीडचा ईसीजी निघायला हवा. या घाईतच लीड (अंगाला लावायच्या वायर; त्यांवरून निघणाऱ्या आलेखालाही लीडच म्हणतात) भलत्या जागी लागतात. मग वाचणारा कितीही तयारीचा असो, ग्राफ चुकीचंच सांगणार. म्हणून शिकायला सुरुवात पेशंटच्या छातीवर बोट ठेवून करा.

गळ्याखालच्या खळगीतून बोट मधल्या हाडावरून सरळ खाली न्या. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा बोटाला जाणवतो. त्याला लागून दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट (दोन बरगड्यांमधली जागा). तिथून आणखी दोन फटी उतरा. या चौथ्या फटीत, हाडाच्या उजव्या कडेला (पेशंटच्या उजव्या!) व्ही-१ आणि डाव्या कडेला व्ही-२. पुढे व्ही-३ न लावता व्ही-४ लावा: पाचवी फट, कॉलरबोनच्या मध्यावरून खाली येणारी रेषा. व्ही-३ मग आपोआप व्ही-२ आणि व्ही-४च्या मधोमध बसतो. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४च्याच आडव्या पातळीत, काखेच्या पुढच्या कडेखाली आणि काखेच्या मध्याखाली. स्त्रियांमध्ये व्ही-४ सहसा स्तनाच्या खाली येतो. आधी सांगा, मग हाताच्या मागच्या बाजूने स्तन उचला, आणि अंगावर चादर राहू द्या.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे व्ही-१, व्ही-२ वरच्या फटीत लावणं. त्याने नसलेला दोष ग्राफवर उमटतो. घाम गॉजने कोरडा पुसा, दाट केस काढा, गाडी थांबवा. लीड १ पूर्ण उलटा आणि एव्हीआर (दोन्ही हातापायांच्या वायरवरून निघणारे लीड) सुलटा आला, तर आधी हातांच्या लाल-पिवळ्या वायरची अदलाबदल झाली आहे का बघा.

आता वाचन. कागद २५ मिमी प्रतिसेकंद, १० मिमी म्हणजे १ मिलिव्होल्ट, हे छापलेलं आहे ना ते बघा. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ चा. ठोके नियमित असतील तर ३०० भागिले दोन आर-मधले (उंच टोकांमधले) मोठे चौकोन. अनियमित असतील तर १० सेकंदांच्या पट्टीतले क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याची टोकदार लाट) मोजून गुणिले ६. पीआर (ठोक्याच्या पहिल्या लहान लाटेपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) ३ ते ५ लहान चौकोन, क्यूआरएस ३ पेक्षा कमी. क्यूआरएस रुंद असेल तर एसटीवरून (क्यूआरएसनंतरच्या सपाट रेषेवरून) घाईने निष्कर्ष काढू नका.

एसटी कधीही एकट्या लीडमध्ये बघू नका. शेजारच्या दोन लीडमध्ये १ मिमी वर असेल तर ते महत्त्वाचं. व्ही-२, व्ही-३ साठी मात्र चाळिशीपुढच्या पुरुषांत २ मिमी, त्याआधी २.५ आणि स्त्रियांत १.५ मिमी लागतो. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली गेलेला दिसला तर पाठीकडे व्ही-७ ते व्ही-९ लावून बघा.

लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी वर असेल तर ताबडतोब एव्हीएल बघा. तिथे एसटी खाली गेलेला असेल तर इन्फिरिअर एमआयची (हृदयाच्या खालच्या भागातल्या हार्ट अटॅकची) शंका पक्की होते. अशा वेळी सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) द्यायच्या आधी व्ही-४ची वायर छातीच्या उजव्या बाजूला, तशाच जागी लावून दुसरी पट्टी काढा. तिथे एसटी अर्धा मिमी जरी वर असला, तरी उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) अडचणीत असू शकतं. ते शिरांतून परतणाऱ्या रक्तावर चालतं. सॉर्बिट्रेट शिरा सैल करतं, परत येणारं रक्त घटतं आणि बीपी कोसळू शकतं. पट्टी डॉक्टरांना पाठवा, ही शंका स्पष्ट सांगा आणि पुढचं त्यांच्या सूचनेप्रमाणे करा.

मशीनने वर ‘नॉर्मल’ छापलं आणि दुखणं चालूच असेल, तर १०-१५ मिनिटांनी पुन्हा काढा. पहिला ईसीजी साफ असूनही एमआय असू शकतो.

उजवीकडच्या पट्टीवर मशीन ‘व्ही-४’ असंच छापतं. ते तिथल्या तिथे पेनाने खोडून ‘व्ही-४ आर’ लिहा, शेजारी वेळ टाका. नाहीतर हॉस्पिटलमध्ये तीच पट्टी डाव्या बाजूची म्हणून वाचली जाते.