ट्रॅप कॅमेरा लावण्याआधी सातबारा वाचा

ट्रॅप कॅमेरा म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याचा सेन्सर कसा चालतो, इन्फ्रारेड म्हणजे काय, हे नवीन माणूस वाचूनच येतो. मी बोलणार आहे जमिनीबद्दल, कारण माझी सगळ्यात जास्त दमछाक तिथे झाली.

ठाण्यात सोसायटीची भिंत संपली की पुढचं रान मोकळं वाटतं. ते कुणाचं तरी असतंच. येऊरला बंगल्याचं कुंपण, पाड्याची शेती आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द एकमेकांना खेटून आहेत. उद्यानात अभ्यासासाठी कॅमेरा लावायचा तर 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ऐरोलीकडे कोल्ह्यांसाठी खाडीकाठी लावायचा, तर सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन राखीव वन आहे. तिथे वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे जा.

सगळ्यात फसवी असते खासगी जमीन. मालक ओळखीचा, तो हो म्हणाला, झालं काम? नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो, तो वाचा. तिथे खासगी वन असा शेरा असेल, तर 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने ती जमीन शासनाकडे गेलेली असू शकते. मग मालकाचा होकार असून नसल्यासारखा. शेरा कळत नसेल तर तलाठ्याला विचारा, वनविभागात जाऊन खात्री करा, उत्तर लेखी घ्या. एक सुंदर ओहोळ, ताजी पावलं असलेला, मला या एका शेऱ्यापायी सोडावा लागला. अजून वाईट वाटतं.

‘गार्ड ओळखीचा आहे, लाव बिनधास्त’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. गार्डची बदली होते आणि तोंडी परवानगी कुणाला दाखवता येत नाही. कोंबडी टाकून बिबट्याला बोलावणारे तर त्याहून वाईट. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं.

पण घाबरून कॅमेरा कपाटात ठेवू नका. मुरबाड-शहापूरला कुणाची शेती असेल तर सातबारा पाहून, विचारून बांधावर लावा. मुंगूस, उदमांजर, ससा, एखाद्या रात्री साळिंदर. हात तिथेच बसतो. उंची गुडघ्याएवढी, तोंड शक्यतो उत्तरेला, म्हणजे उगवतीचं-मावळतीचं ऊन थेट समोरून येत नाही. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी फोटो निघतो आणि कार्ड गवतानेच भरतं. शेतात ते कापता येतं. जंगलात कापायचं नाही, जागा बदलायची.

संशोधकांच्या मोजणीत मदतीची संधी मिळाली तर सोडू नका. बिबट्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे का लावतात, हे तिथे एका सकाळीत कळतं.

आणि कार्डवर माणसं येणारच. पाड्यातल्या बायका पहाटे त्याच वाटेने जातात. लावण्याआधी पाड्यात सांगा, माणसांचे फोटो त्याच दिवशी पुसा, ग्रुपवर एकही टाकू नका. बिबट्याचा फोटो टाकलात, तर जागा सांगू नका.