एसएसबीचा आवाज फाटतोय? आधी बायस तपासा

ट्रान्समीटरच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर लहरीच्या किती भागात चालू राहतो, त्यावरून त्याचा क्लास ठरतो (ए म्हणजे पूर्ण लहर, बी अर्धी, सी त्याहून कमी), आणि ते ठरवतो बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला दिलेला स्थिर व्होल्टेज. एफएम किंवा सीडब्ल्यूला (मोर्स) क्लास सी बिनधास्त चालतो, कारण तिथे सिग्नलच्या उंचीतल्या बारीक चढउतारांत माहिती नसते. एसएसबीला (सिंगल साइडबँड, रेडिओवर आवाज पाठवायची एक पद्धत) मात्र तोच क्लास आवाजाची वाट लावतो: हळू उच्चारलेली अक्षरं गायब, जोरातली चिरकी, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर खरखर. क्लास ए सगळ्यात स्वच्छ, पण कार्यक्षमता कागदावरसुद्धा जास्तीत जास्त 50 टक्के, बाकीची पॉवर उष्णता होऊन हीटसिंकवर. क्लास बी 78.5 टक्क्यांपर्यंत जातो, पण शून्याजवळ लहर चपटी होते. म्हणून एसएसबीला या दोघांच्या मधला क्लास एबी.

दोन आयआरएफ510 मॉसफेटच्या (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) पुश-पुल जोडीसाठी असं करा. आउटपुटला अँटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड, 12 व्होल्टच्या ड्रेन लाइनमध्ये अ‍ॅमीटर. दोन्ही बायस प्रीसेट (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) शून्यावर. पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबा, माइक बंद ठेवा. एक प्रीसेट सावकाश वाढवा. गेटवर 3 ते 4 व्होल्ट येईपर्यंत बहुधा काहीच होत नाही आणि मग करंट एकदम उसळतो. साधा प्रीसेट इथे दगा देतो, अनेक फेरे फिरणारा मल्टिटर्नच घ्या. 100 मिलीअँपियरवर थांबा. मग दुसरा, एकूण 200 होईपर्यंत.

आता दोन मिनिटं मीटरवर नजर ठेवा. मॉसफेट तापला की थ्रेशोल्ड (तो चालू व्हायला लागणारा गेट व्होल्टेज) उतरतो, करंट चढतो, तो आणखी तापतो. आकडा सरकतच राहिला तर बायस सर्किटमधला डायोड हीटसिंकला चिकटवा.

बायस ठीक असूनही आवाज फाटत असेल, तर ड्राइव्ह (अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आत जाणारा सिग्नल) कमी करा.