डावपेच लढवण्यापूर्वी व्यवस्थापकाने काय तपासावे
वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील व्यवस्थापकाने ‘आमच्याकडे राजकारण चालत नाही’ असे सांगत बसण्यापेक्षा, कॅव्हनॉ, मोबर्ग आणि व्हेलास्केझ या अभ्यासकांनी कामाच्या ठिकाणचे डावपेच नैतिक आहेत का हे तपासण्यासाठी १९८१ मध्ये मांडलेल्या तीन कसोट्या वापराव्यात: बहुतेकांचे हित, व्यक्तीचे हक्क आणि न्याय. बैठकीपूर्वी टपरीवर चहा घेताना नव्या यंत्राच्या खरेदीसाठी दोन विभागप्रमुखांचा पाठिंबा मिळवणे मला गैर वाटत नाही. मात्र त्याच चहावर गैरहजर सहकाऱ्याच्या चुका साहेबांच्या कानावर घातल्या, तर बाजू मांडण्याचा त्याचा हक्क डावलला जातो. न्यायाची कसोटी बढतीच्या वेळी लागते, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. उमेदवार पाहुण्यांपैकी असल्यास तसे टिपणात आधीच नोंदवावे आणि निर्णय दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावा.